सिंगल माल्ट स्कॉच : मुरवण व तुलनात्मक आस्वादन

एकाच डिस्टिलरीत, केवळ मोड आणून वाळवलेल्या बार्लीपासून (माल्टपासून), तांब्याच्या पॉट स्टिलमध्ये (हंड्यासारख्या पात्रात) ऊर्ध्वपातन करून काढलेल्या आणि स्कॉटलंडमध्येच ओकच्या पिंपात किमान ३ वर्षे मुरवलेल्या मद्यास सिंगल माल्ट स्कॉच म्हणतात. २००९ च्या ब्रिटिश नियमावलीनुसार पिंप ७०० लिटरांहून मोठे नसावे, बाटलीतील मद्यार्क ४० टक्क्यांहून कमी नसावा आणि पाणी व रंगापुरते साधे कॅरमेल यांखेरीज काहीही मिसळू नये. बाटलीवर छापलेले वय त्यातील सर्वांत कोवळ्या मद्याचे असते : ‘१२ वर्षे’ म्हटलेल्या बाटलीत २० वर्षांचे मद्य असू शकते, ११ वर्षांचा थेंबही चालत नाही. बाटलीत भरल्यावर हे वय वाढत नाही.

स्कॉटलंडमधील व्हिस्कीचा सर्वांत जुना ज्ञात लेखी उल्लेख राजाच्या खजिन्याच्या १४९४–९५ च्या हिशेबात आहे. त्यात जॉन कोर या धर्मबंधूस ‘अ‍ॅक्वा व्हिटी’ (‘जीवनजल’, म्हणजे ऊर्ध्वपातित मद्य) करण्यासाठी ८ बोल (धान्याचे जुने माप) माल्ट दिल्याची नोंद आढळते. आयर्लंडचा अग्रक्रमाचा दावा १४०५ च्या एका नोंदीवर उभा आहे; पण ती १७ व्या शतकातील इंग्रजी भाषांतरातूनच हाती आल्याने जपून वापरावी लागते. तरीही ही विद्या वैद्यकाच्या निमित्ताने आयर्लंडमार्गे पश्चिमेकडील बेटांवर आली असावी, हे मत अधिक संभवनीय दिसते. मुरवण मात्र पुष्कळ नंतरची. ती कायद्याने सक्तीची झाली १९१५ मध्ये, आधी २ व लगेच पुढे ३ वर्षांसाठी.

वयाची तुलना बहुतेकदा फसते ती पिंपामुळे. १९३० च्या दशकात अमेरिकेत बर्बनसाठी (मुख्यतः मक्याच्या व्हिस्कीसाठी) नवीन, आतून जाळलेले पिंप बंधनकारक झाले आणि एकदा वापरलेली सुमारे २०० लिटरांची पिंपे स्कॉटलंडला सहज मिळू लागली. अमेरिकन ओकमुळे व्हॅनिला आणि, लाकडातील लॅक्टोन या संयुगामुळे, ओल्या नारळाचा गंध येतो. शेरीच्या (स्पेनच्या जोरदार वाइनच्या) पिंपांचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. शेरी पूर्वी पिंपांतूनच ब्रिटनला येई व रिकामी पिंपे व्हिस्कीवाले घेत. १९८० च्या दशकात शेरी स्पेनमध्येच बाटलीबंद होऊ लागली आणि हा ओघ आटला. आजची बहुतेक ‘शेरी पिंपे’ मुद्दाम बनवून, वर्ष-दोन वर्षे शेरी भरून मग पाठवलेली असतात. सुकामेवा व मसाल्यांचा स्वाद शेरीचा की युरोपीय ओकचा, याविषयी मतभेद आहेत. अमेरिकन ओकमध्ये शेरी मुरवलेली पिंपे वेगळीच चव देतात, हे पाहता लाकडाचा वाटा मोठा मानणे योग्य ठरेल. म्हणून १९७० मध्ये पिंपात भरलेली २५ वर्षांची व्हिस्की आणि १९९५ मध्ये भरलेली २५ वर्षांची व्हिस्की यांचा आकडा एक असला, तरी वस्तू एक नव्हे.

पिंपात मद्य साधारणतः ६३.५ टक्क्यांवर भरतात. स्कॉटलंडच्या दमट गोदामांत दरवर्षी सुमारे २ टक्के उडून जाते व जोर (मद्यार्काचे प्रमाण) हळूहळू उतरतो. ४० टक्क्यांखाली गेलेले पिंप व्हिस्की म्हणून विकता येत नाही. पीटच्या (माल्ट वाळवताना जाळल्या जाणाऱ्या, दलदलीत कुजलेल्या वनस्पतींच्या इंधनाच्या) धुराचा वासही वयाबरोबर मंदावतो. धुराचे पीपीएम (दशलक्षांत किती भाग) आकडे (आर्डबेग या डिस्टिलरीसाठी सुमारे ५५) माल्टचे असतात, बाटलीतील मद्याचे नव्हेत. गोव्यात कुंकळ्ळी येथे मुरणाऱ्या पॉल जॉन या भारतीय माल्टमधील घट स्कॉटलंडच्या २ टक्क्यांच्या कितीतरी पट असते, त्यामुळे तेथील ६ वर्षांची स्कॉटलंडच्या ६ वर्षांशी बरोबरी करता येत नाही.

आस्वादनासाठी निमुळत्या तोंडाच्या ट्यूलिप ग्लासात २० मिलि ओतून १०–१५ मिनिटे झाकून ठेवावे. बर्फ टाळावा, कारण थंडीत गंध उठत नाही. ग्लास हनुवटीपाशी धरून, तोंड किंचित उघडे ठेवून वास घ्यावा. वाइनसारखा गरगरवल्यास मद्यार्काचा झोत नाकात जातो आणि नाक बधिर होते. मग घोटभर जिभेवर फिरवून पाणी थेंबाथेंबाने वाढवावे. २०१७ मध्ये स्वीडिश संशोधकांनी संगणकीय प्रतिमानातून दाखवले, की मद्यार्क ४५ टक्के वा कमी असता धुरकट गंध देणारा ग्वायकॉल हा रेणू पृष्ठभागाशी जमतो, ५९ टक्क्यांच्या वर तो मद्यार्कात गुरफटून राहतो.

एकाच डिस्टिलरीची निरनिराळी वये, किंवा एकाच वयाच्या निरनिराळ्या डिस्टिलऱ्या, अशा दोन रीतींनी तुलना होते. दोन्हींत जोर सारखा करणे आवश्यक, नाहीतर जो तिखट तोच ‘भारी’ वाटतो. ५७ टक्क्यांच्या २० मिलिमध्ये ८.५ मिलि पाणी घातले की ते ४० टक्क्यांवर येते. ब्लेंडर (निरनिराळ्या पिंपांतील व्हिस्की मिसळणारी) मंडळी वास घेण्यासाठी २० टक्क्यांपर्यंत खाली येतात. ४६ टक्क्यांच्या २० मिलिला त्यासाठी २६ मिलि पाणी लागते. दोष या पातळीला उघडे पडतात, पण ४१–४२ टक्क्यांची अतिवृद्ध व्हिस्की अशाने विस्कटते, तेव्हा निम्मा नमुना आधीच बाजूला काढावा. धुरकट नमुने शेवटी घ्यावेत. कोवळ्याकडून जुन्याकडे जाण्याचा प्रघात आंधळेपणाने पाळू नये : १० वर्षांच्या पीटयुक्त माल्टनंतर ३० वर्षांचा नाजूक नमुना निव्वळ पाणचट लागतो. एका बैठकीस चार-पाच नमुने पुरेत. रंगावरून मत बनू नये म्हणून व्यावसायिक निळे ग्लास वापरतात, कारण गडद रंग कॅरमेलचाही असतो.

पाणी घालताच ग्लासात धूसरपणा आला तर तो दोष नव्हे. थंड करून न गाळलेल्या व्हिस्कीतील मेदाम्लांची एस्टरे ४६ टक्क्यांखाली विरघळलेली राहत नाहीत. खरे दोष वेगळे : विझलेल्या काडीचा किंवा शिजलेल्या कोबीचा वास गंधकाचा, ओल्या पुठ्ठ्याचा कुबट वास बुचाचा, आणि तुरट-कडवट, भुशासारखी अखेर पिंपात फार काळ राहिल्याची. अर्ध्याहून रिकामी बाटली काही महिन्यांत फिकी पडते. अशा बाटलीची नव्याने उघडलेलीशी तुलना करू नये. बाटली उभीच ठेवावी, आडवी ठेवल्यास मद्यार्क बूच खातो.

अतिप्राचीन म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्यांचे वय जिभेने ठरत नाही. १९५० च्या दशकापासून झालेल्या अणुचाचण्यांनी हवेतील कार्बन-१४ (किरणोत्सारी कार्बन) वाढला व तो बार्लीत उतरला. त्यावरून काळ ताडता येतो. २०१८ मध्ये अशा रीतीने तपासलेल्या ५५ दुर्मिळ बाटल्यांपैकी २१ बनावट ठरल्या.