पायाचं माप आणि पडद्यावरची चप्पल

बेळगाव जिल्ह्यातल्या अथणी, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात गिऱ्हाइकाच्या मनाजोगती वस्तू करून देणं जुनंच आहे. मापाची कोल्हापुरी चप्पल हवी असेल तर कारागीर कागदावर पाय ठेवायला लावतो, पेन्सिलीनं कडेकडेनं रेघ ओढतो. कान केवढे, वेणी कशी, गोंडा हवा की नको, टाच किती, हे बोलता बोलता ठरतं. पण ही सोय समोर बसलेल्या गिऱ्हाइकापुरतीच. माल पुण्या-मुंबईच्या व्यापाऱ्याकडे गेला की उरतो नुसता नंबर: सात, आठ, नऊ.

लांबच्या गिऱ्हाइकाला निवडीची मुभा देण्याचे प्रयोग आधी मोठ्या कंपन्यांनी केले. १९९४ मध्ये अमेरिकेत लीवाइजनं दुकानात बायकांची मापं घेऊन ती संगणकावरून कारखान्यात पाठवायला सुरुवात केली. १९९९ मध्ये नायकीनं इंटरनेटवर बुटांचे रंग निवडू दिले. गिऱ्हाइकाला पडद्यावर वस्तू निवडू देणारी अशी साधनं पुढची बरीच वर्षं फ्लॅशवर, म्हणजे ब्राउझरला वेगळ्या जोडाव्या लागणाऱ्या प्रणालीवर बनत. ती खर्चिक होती आणि आयफोनवर फ्लॅश कधी चाललंच नाही. २००४ मध्ये ॲपलनं ब्राउझरमध्ये चित्र काढण्याची सोय, 'कॅनव्हास', आणली, २०११ मध्ये त्रिमिती चित्रांसाठी 'वेबजीएल' आलं, आणि हे काम साध्या ब्राउझरच्या आवाक्यात आलं.

छोट्या कारखान्याला यातली सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे थर. पट्ट्याचे ६ रंग, ५ वेण्या, ४ टाचा धरल्या तर १२० प्रकार होतात. घरची माणसंच राबतात तिथं इतके फोटो कोण काढणार? पण प्रत्येक भागाचा सुटा फोटो एकाच कोनातून, एकाच उजेडात काढून मागचा भाग कापून टाकला, की १५ पुरतात. ब्राउझर ते एकावर एक बसवतो. मापाचंही तसंच. ए-फोर कागद २१ बाय २९.७ सेंटिमीटरचा असतो. त्यावर पाय ठेवून बरोबर वरून फोटो घेतला, तर पायाची लांबी-रुंदी हिशोबानं काढता येते.

गिऱ्हाइकाला पडद्यावर आपली पत्रिका लिहू द्यायची, तर बेळगावात लग्नपत्रिका छापणाऱ्यांची अडचण निराळी, लिपीची. डीटीपीच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर नेला की अक्षरांचा चुथडा व्हायचा. देवनागरी आणि कन्नड १९९१ पासून युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांसाठी ठरवलेल्या अक्षरांच्या एकाच यादीत आहेत. तरी प्रत्येक अक्षर सुटं काढणाऱ्या साधनात 'आमचे येथे श्री कृपेकरून' लिहिलं, की 'श्री' तुटतो, 'कृ' विस्कटतो. कन्नड जोडाक्षरांचीही तीच गत. तयार साधन विकत घेताना इथल्या छापखान्यानं हे सगळ्यात आधी तपासावं.

२०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे ठरलेल्या भागात, ठरलेल्या रीतीनं केलेल्या मालालाच ते नाव लावता येतं. त्यात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे आहेत. त्यामुळे पडद्यावर कोणते पर्याय ठेवायचे, हा आता नुसता आवडीचा प्रश्न राहिलेला नाही. हिरडा आणि बाभळीच्या सालीनं कमावलेल्या कातड्यावर बसणार नाही असा रंग, किंवा हातशिलाईत होणार नाही अशी नक्षी, यादीत ठेवूच नये. म्हणून ती यादी साधन बनवणाऱ्यानं पुण्यात बसून न करता कारागिराशेजारी बसून करावी.