पेशीपटल

पेशीपटल (प्रद्रव्यपटल) : सजीवाच्या प्रत्येक पेशीला वेढणारे पातळ, लवचीक आणि निवडक्षम आवरण. त्याची जाडी सुमारे ७ ते १० नॅनोमीटर असते, त्यामुळे त्याची रचना साध्या प्रकाश सूक्ष्मदर्शकाने दिसत नाही. ती पाहण्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. वनस्पती, कवके आणि बहुतेक जीवाणू यांच्यात पटलाबाहेर पेशीभित्तिकाही असते, पण तिचे काम मुख्यतः आधार देण्याचे आहे. पेशीत काय शिरावे आणि काय बाहेर पडावे, हे पटलच ठरवते.

पटलाचा पाया फॉस्फोलिपिड या मेदद्रव्याचा असतो. या रेणूचे फॉस्फेटयुक्त डोके जलस्नेही, तर मेदाम्लांच्या दोन शेपट्या जलविरोधी असतात. असे रेणू पाण्यात आले की डोकी पाण्याकडे आणि शेपट्या आत, एकमेकींसमोर, अशी दोन थरांची मांडणी आपोआप होते. शेजारच्या रेणूंना जोडणारे रासायनिक बंध येथे नसतात. पाणी टाळण्याची शेपट्यांची प्रवृत्ती एवढ्यावरच हे आवरण टिकून असते, आणि त्यामुळेच त्याला पडलेले बारीक छिद्र बरेचदा आपोआप मिटते.

या दुहेरी थराचा पुरावा गॉर्टर व ग्रेंडेल या डच संशोधकांनी १९२५ मध्ये मांडला. तांबड्या रक्तपेशींतील मेद वेगळा करून त्यांनी तो पाण्यावर एकरेणवीय (एकाच रेणूच्या जाडीच्या) थरात पसरवला, तेव्हा त्याचे क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या सुमारे दुप्पट भरले. त्यांनी मेद पूर्णपणे काढला नव्हता आणि पेशींचा पृष्ठभागही कमी मोजला होता. या दोन चुकांनी एकमेकींची भरपाई केली आणि निष्कर्ष बरोबर ठरला.

‘पटल’ या शब्दाने ताठ पडद्याचे चित्र मनात उभे राहते, ते मात्र दिशाभूल करणारे आहे. सिंगर व निकोल्सन यांनी १९७२ मध्ये मांडलेल्या प्रवाही कुट्टिम (फ्लुइड मोझेइक) प्रतिमानानुसार पटल द्रवासारखे असून प्रथिने त्यात रुतलेली व बऱ्याच अंशी सरकती असतात. त्याआधी १९७० मध्ये फ्राय व एडिडिन यांनी उंदराची आणि माणसाची पेशी एकत्र जोडली होती. दोघींची प्रथिने वेगवेगळ्या रंगांच्या प्रतिदीप्त द्रव्यांनी खुणावलेली होती, आणि ३७° सेल्सिअसला सुमारे ४० मिनिटांत ती सर्वत्र मिसळून गेली. प्राणिपेशींत कोलेस्टेरॉल ही प्रवाहिता मर्यादेत ठेवते. उष्णतेत ते पटल फार सैल होऊ देत नाही आणि थंडीत गोठू देत नाही.

रेणू आपल्या थरात सहज सरकतात, पण एका थरातून दुसऱ्यात क्वचितच उलटतात. त्यामुळे दोन्ही थरांची घडण निराळी राहते. फॉस्फॅटिडिलसेरीन हा मेद निरोगी पेशीत आतल्या थरात असतो. पेशी नियोजित मृत्यूच्या मार्गाला लागली की तो बाहेर येतो, आणि त्या खुणेवरून भक्षक पेशी तिला गिळतात.

ऑक्सिजन व कार्बन डायऑक्साइड मेदाच्या थरातून सरळ विसरण पावतात. आयन व ग्लुकोज यांना मात्र प्रथिनांची वाट लागते. पाणी थोडेफार थरातून झिरपते, पण त्याची वेगवान ये-जा ॲक्वापोरिन या प्रथिनातून होते. त्याच्या शोधासाठी पीटर ॲग्रे यांना २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. उताराच्या दिशेने, म्हणजे जास्त संहतीकडून कमी संहतीकडे, होणाऱ्या अशा वहनाला ऊर्जा लागत नाही. चढाच्या दिशेने नेणारा सोडियम-पोटॅशियम पंप मात्र एटीपी या ऊर्जा पुरवणाऱ्या संयुगाचा एक रेणू खर्चून ३ सोडियम आयन बाहेर टाकतो आणि २ पोटॅशियम आयन आत घेतो. या पंपाने राखलेला आयनांचा फरक आणि पोटॅशियमची पटलातून होणारी गळती यांमुळे विश्रांत चेतापेशीत सुमारे −७० मिलिव्होल्ट विभव (पटलाच्या आतील व बाहेरील बाजूंमधील विद्युत् फरक) राहतो, ज्यावर चेतासंदेशांचे वहन अवलंबून असते. मोठे कण आत घेताना पटल स्वतःच आत दुमडते आणि त्यांच्याभोवती पिशवी तयार करते.

पटलाच्या बाहेरील बाजूस मेद व प्रथिने यांना कर्बोदकांच्या साखळ्या जोडलेल्या असतात. तांबड्या पेशींवरील अशाच साखळ्यांतील अखेरच्या शर्करेवरून ए व बी रक्तगट ठरतात. इन्शुलिनसारखी संप्रेरके पेशीत न शिरता पटलावरील ग्राही प्रथिनांना चिकटतात आणि तेथूनच आत संदेश पोचतो. पटलातील एखादे प्रथिन बिघडले तरी त्याचे परिणाम गंभीर असतात : सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक रोगात क्लोराइड आयनांची एकच मार्गिका सदोष असते, आणि तेवढ्याने फुप्फुसांतील श्लेष्म घट्ट होऊन श्वासमार्ग तुंबतात.