खिशातला चाकू घेताय? पैसे द्यायच्या आधी काउंटरवरच एवढं बघून घ्या

आमच्या नागदेवीच्या दुकानात बरीच मंडळी चाकू हातात घेतल्यावर पहिलं हेच बघतात की बंद केल्यावर पातं बरोब्बर मधोमध बसतंय का. बघा, पण तो दोष बहुतेक वेळा दिसण्यापुरताच असतो, पातं केसभर एका बाजूला कललं असेल आणि आतल्या पत्र्याला घासत नसेल तर त्या चाकूने वर्षानुवर्षं बिनधास्त आंबे कापाल. बोट कापणारा दोष असा वरवर दिसत नाही, त्यासाठी चाकू नीट उघडून, दाबून बघावा लागतो.

सगळ्यात आधी लॉक. ट्रेकवाले जास्त करून लायनर लॉकचा चाकू नेतात, म्हणजे पातं उघडलं की मुठीतली पत्र्याची पट्टी सरकून पात्याच्या बुडाशी अडकते. ही पट्टी किती आत आलीय ते वाकून बघा, नव्या चाकूत पात्याच्या जाडीच्या पाव ते अर्ध्यापर्यंत आलेली असावी. नुसती कडेला टेकलेली असेल तर जोर पडल्यावर सटकते, आणि नव्यातच पार पलीकडे जाऊन भिडली असेल तर पुढे झीज झाल्यावर तिला सरकायला जागाच उरत नाही. मग बोटं पात्याच्या वाटेतून बाजूला ठेवून पात्याची पाठ लाकडावर टेकवा आणि हळूहळू जोर वाढवत दाबा. सटकलं, नाहीतर वरखाली हललं तर तो चाकू तिथेच ठेवा आणि दुसरा मागा, आम्ही अजिबात कुरकुर करणार नाही. लॉकच्या बाबतीत 'थोडंसंच आहे, चालेल' असं आम्हीही म्हणत नाही आणि तुम्हीही म्हणू नका. व्हिडिओत बघून काहीजण पाठ टेबलावर आपटतात ते मात्र नको, त्याने चांगलं लॉकसुद्धा बिघडतं.

साध्या चाकूला लॉक नसतं, पाठीची स्प्रिंगच पातं धरून ठेवते. त्यात एक वेगळी गंमत होते, पातं खटकन बंद झालं की धार आत स्प्रिंगवर आदळते आणि एकाच जागी बोथट होते. वर्तमानपत्राचा कागद बुडापासून टोकापर्यंत कापून बघा, दरवेळी त्याच जागी अडकला तर समजायचं. किंवा धार वर करून उजेडात धरा, चांगली धार चमकत नाही, जिथे चकाकता ठिपका दिसतो तिथे ती गेलेली असते.

आता डोळ्यांना न दिसणारी गोष्ट, पोलादाचं पाणी, म्हणजे तापवून आणि थंड करून त्याला आणलेला कडकपणा. पोलाद लालबुंद तापवून झटकन थंड केलं की कडक होतं पण काचेसारखं ठिसूळ, म्हणून परत कमी आचेवर तापवून तो ठिसूळपणा घालवतात, आणि यात गडबड झाली तर वरून पॉलिश कितीही चकाचक असो, चाकू वाया. कडकपणा रॉकवेल सी मापात मोजतात, हिऱ्याचं टोक दाबून पडलेला खळगा किती खोल गेला त्यावरून. प्रत्येक लॉटमधले काही नग आम्ही बाहेर तपासून घेतो, आणि दुकानात बुडाजवळ हलकी कानस फिरवतो, ती सहज चावून कीस पडला तर पोलाद मऊ राहिलंय, अख्खा लॉट परत. गिऱ्हाईक म्हणतं जास्तीत जास्त कडक द्या, पण स्विस आर्मी चाकूही साधारण 56 लाच ठेवतात, धार पटकन लागते म्हणून. 60 च्या वरचं पातं धार जास्त टिकवतं पण कडेचे टवके उडायची भीती जास्त आणि घरच्या दगडावर घासून हात दुखतात. आमचं मत विचाराल तर 56 ते 58 चाच घ्या.

नवा चाकू आठवड्यात बोथट झाला अशी तक्रार येते तेव्हा पोलाद वाईटच असेल असं नाही. कारखान्यात शेवटची धार फिरत्या पट्ट्यावर लावतात, कड इतकी पातळ की क्षणात तापते आणि तेवढ्याच कडेचं पाणी उतरतं, तापल्याचा निळा डाग पॉलिशमध्ये निघून जातो म्हणून कळत नाही. दोन-तीनदा दगडावर धार लावली की खालचं चांगलं पोलाद वर येतं. पहिल्या दोन धारा आमच्याकडे फुकट, पाणी घालून दगडावर, मशीनवर नाही.

गंजाचं सांगतो. पोलादात साडेदहा टक्क्यांच्या वर क्रोमियम असलं की त्याला स्टेनलेस म्हणतात, पण गंज चढणारच नाही असा त्याचा अर्थ नाही. जुलैची ओल, वरळी-वर्सोव्याची खारी हवा, आणि चाकू भिजलेल्या सॅकमध्ये चामड्याच्या कव्हरात तसाच, मग ठिपके पडणारच, ते बदलून मिळत नाही. डब्यातून काढल्या काढल्या पिनभोवती लाल डाग दिसला तर मात्र लगेच बदलून देतो. लिंबू, कैरी कापली की धुऊन कोरडा पुसा, सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, खोबरेल नको, ते चिकटतं. डबा उघडताना टोक मोडलं तर तेही बदलून मिळत नाही, घासून नवं टोक काढून देऊ.

वापरून वापरून पातं डुगडुगायला लागलं आणि स्क्रूचा चाकू असेल तर पाव आटा आवळून बघा. रिव्हेटचा असेल तर घरी हातोडी मारू नका, चिरफळतो, तसाच घेऊन या, बिलाचा मोबाइलमधला फोटोही चालेल. येताना बंद करून कागदात गुंडाळून आणा आणि शक्यतो लोकलने या, मेट्रोच्या तपासणीत चाकू अडवू शकतात.