नदी वेचायची तर मे महिन्यात

पूर ओसरला की सोलापूरजवळच्या वडकबाळच्या पुलावरून सीना नदीचे काठ बघा. वेड्या बाभळींना पिशव्यांच्या चिंध्या लटकलेल्या असतात, जवळजवळ एका रेषेत. पाणी कुठवर चढलं होतं हे कुणाला विचारावं लागत नाही.

हा कचरा पुढे समुद्रात जात असेल, असं आपण धरून चालतो. वाट तर आहे: सीना कुडलला भीमेला मिळते, भीमा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. नद्यांमार्फत समुद्रात जाणारं ८० टक्के प्लॅस्टिक हजाराहून जास्त नद्यांमधून जातं, असा अंदाज २०२१मध्ये प्रसिद्ध झाला. शहरालगतच्या लहान नद्याही त्यात आल्या. पण सोलापूरहून समुद्र लांब आणि वाटेत बंधारेच बंधारे. त्यामुळे इथलं बरंचसं प्लॅस्टिक गाळात, मुळांत, बंधाऱ्यांच्या पोटात इथेच राहतं.

कुठे काय सापडेल, हे घनता ठरवते. पिशव्यांचं पॉलिथिन पाण्यापेक्षा हलकं, म्हणून ते तरंगत काठाला लागतं. पाण्याची बाटली ज्या पेट नावाच्या प्लॅस्टिकपासून बनते ते पाण्याच्या सुमारे १.४ पट जड. झाकण घट्ट असेल तर आतल्या हवेवर बाटली तरंगते; झाकण गेलं की पाणी भरून तळ गाठते. पॉलिएस्टरच्या कपड्यांचंही तेच. पंढरपुरात चंद्रभागेत सोडलेली लुगडी-धोतरं वाळूत निम्मी रुतलेली असतात आणि एक ओढून काढायला दोन माणसं लागतात.

काठावर पडलेल्या पिशवीची गोष्ट मात्र वेगळी. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो. उन्हातले अतिनील किरण प्लॅस्टिकच्या लांबलचक रेणुसाखळ्या तोडतात आणि उष्णता त्या कामाला वेग देते. पाण्याखाली किंवा गाळात हे फार सावकाश होतं, उघड्यावर भराभर. ऊन खाऊन पांढुरकी पडलेली पिशवी उचलायला जा, बोटांत चुरा येतो. ३० बाय ४० सेंटिमीटरच्या एका पिशवीचे ५ मिलिमीटरचे चौकोन केले, तर दोन्ही बाजू मिळून ९,६०० तुकडे होतात. पाच मिलिमीटरच्या खालचे तुकडे म्हणजे मायक्रोप्लॅस्टिक. ते वेचायला हात उपयोगाचे नाहीत.

म्हणून माझं मत असं, की नदीतला कचरा वेचण्याची मोहीम पावसाळ्यानंतरच्या सुट्टीत नको, मेमध्ये हवी. पात्र कोरडं असतं, गाळात पाय रुतत नाहीत. शिवाय पावसाळ्याच्या तोंडावर कोल्हापुरी बंधाऱ्यांचे बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढतात. वर्षभर त्यांच्या मागे साचलेलं सगळं पहिल्या पुराबरोबर सुटतं. ते भीमेत उतरतं तेव्हा वेचण्याची संधी गेलेली असते.

निर्माल्य कुजतं, मग त्याचं काय एवढं, असं लोक म्हणतात. कुजतं हीच अडचण आहे. कुजवणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू वापरतात. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांच्या पाण्यात साडेसातच. उन्हाळ्यातल्या डबक्यात तो आधीच कमी, त्यात हारांचा ढीग पडला की मासे वर येऊन तोंड उघडू लागतात.

सगळंच उचलायचं नसतं. वाहून आलेली लाकडं, पालापाचोळा तसाच राहू द्यावा, त्यावर किडे-मासे जगतात. त्याच ढिगाऱ्यात फुरसंही बसलेलं असू शकतं, तेव्हा हात घालण्याआधी काठीने हलवून बघा. बूट आणि जाड हातमोजे हवेतच, कारण फुटक्या बाटल्या आणि सुया असतात. काम सकाळी नऊच्या आत आटपा. गोळा केलेलं पेटवून देण्याची घाई कुणी करू नये, विषारी धूर आपल्याच नाकात जातो.

सर्वांत वैतागवाण्या गुटख्याच्या पुड्या. राज्यात २०१२पासून गुटख्यावर बंदी, आणि घाटावर पुड्यांचा सडा! प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवलेले असल्याने त्यांचा पुनर्वापर जवळजवळ होत नाही. बाटल्या मात्र भंगारवाला घेतो, त्या वेगळ्या पोत्यात भरा.

शेवटी वजनकाटा लागतोच. पोती भरली, फोटो काढला, एवढ्यावर न थांबता जागा, लांबी आणि प्रत्येक प्रकाराचं वजन वहीत लिहा. पुढच्या मेमध्ये तेवढाच पट्टा पुन्हा वेचला, तरच कचरा वाढला की घटला ते कळेल.