ऑर्लँडोची थीम पार्क आणि कॅरेबियन क्रूझ एकाच सहलीत: सातारा-सांगलीकरांसाठी पासपोर्ट, व्हिसा आणि कागदपत्रं

चार-पाच दिवस ऑर्लँडोची थीम पार्क आणि मग तीन, चार किंवा सात रात्री जहाजावरून बहामा-कॅरेबियन. अमेरिकेत मुलांकडे जाणारे आई-वडील असोत की सुट्टीत मोठी सहल काढणारं कुटुंब, ही जोडसहल अनेकांना हवी असते. तिकीट आणि हॉटेल शोधणं अवघड नाही. अडतं ते कागदांवर, कारण सहल एक असली तरी अमेरिकेत प्रवेश दोनदा होतो. एकदा विमानतळावर आणि दुसऱ्यांदा जहाज बंदराला परत लागतं त्या सकाळी. त्या दुसऱ्या प्रवेशाच्या दिवशी काय काय लागेल, ते आधी ठरवा आणि तिथून मागे येत तयारी करा.

ठिकाणांचा अंदाज असावा म्हणून थोडक्यात. ऑर्लँडोजवळ वॉल्ट डिस्ने वर्ल्ड १ ऑक्टोबर १९७१ रोजी सुरू झालं, आज तिथे चार मोठी पार्क आहेत. युनिव्हर्सल १९९० पासून आहे आणि त्यांचं एपिक युनिव्हर्स मे २०२५ मध्ये उघडलं. सगळ्यात जवळचं क्रूझ बंदर पोर्ट कॅनाव्हेरल, मोटारीने साधारण तासाभरावर. मायामीहून जहाज पकडायचं तर रस्त्याने साडेतीन-चार तास धरा. आई-वडील किंवा लहान मुलं सोबत असतील तर मी पोर्ट कॅनाव्हेरलच सुचवेन.

पासपोर्ट

सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे पुणे पासपोर्ट कार्यालयाच्या कक्षेत येतात. अर्ज पासपोर्ट सेवा पोर्टलवर भरायचा, फी ऑनलाइन भरायची आणि अपॉइंटमेंट घ्यायची. टपाल कार्यालयांतली पासपोर्ट सेवा केंद्रंही त्या यादीत असतात, त्यातलं सोयीचं निवडा. प्रौढांच्या ३६ पानी पासपोर्टला १,५०० रुपये, तत्काळ हवा असेल तर वर २,००० रुपये. अठरा वर्षांखालच्या मुलांना १,००० रुपये. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्म दाखलाच चालतो. दाखल्यावर बाळाचं नाव चढवायचं राहिलं असेल तर आधी ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत ते काम उरका.

परतीच्या तारखेनंतरही पासपोर्टची किमान सहा महिने मुदत शिल्लक असू द्या. लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो आणि घरात नेमका तोच संपत आलेला असतो. जुन्या पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा अजून चालू असेल तर नव्या पासपोर्टसोबत तो जुनाही न्यायचा. व्हिसाचं पान फाटलेलं वा खराब झालेलं नसेल तर तो व्हिसा वैध राहतो.

नावाकडे बारकाईने पाहा. आपल्याकडे पासपोर्टवर स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा पतीचं नाव एका रकान्यात येतं, आडनाव दुसऱ्या रकान्यात. विमानाचं तिकीट, क्रूझचं बुकिंग आणि व्हिसाचा अर्ज यांत ते अक्षरशः तसंच उतरलं पाहिजे. लग्नाआधीच्या नावाचा पासपोर्ट असलेल्या बहिणींनी केवळ या सहलीसाठी तो बदलायची गरज नाही. बुकिंग पासपोर्टवरच्या नावाने करा आणि व्हिसाच्या अर्जात ‘वापरलेली इतर नावं’ विचारतात तिथे सासरचं नाव लिहा. दहावी न झालेल्या आजी-आजोबांच्या पासपोर्टवर ईसीआरची, म्हणजे परदेशी जाण्याआधी सरकारी तपासणी आवश्यक असल्याची, नोंद असेल तर घाबरू नका. ती काही ठरावीक देशांत नोकरीसाठी जाणाऱ्यांच्या संरक्षणासाठी आहे. अमेरिका त्या देशांत नाही.

व्हिसा: कोणता आणि कोण पात्र

पर्यटनासाठी बी१/बी२ व्हिसा लागतो. भारतीयांना तो बहुतेक वेळा दहा वर्षांचा आणि अनेक प्रवेशांचा मिळतो. जहाजावरून परत यायचं असल्यामुळे त्यावर अनेक प्रवेशांची नोंद आहे ना, हे पासपोर्ट हातात पडताच तपासा. व्हिसा आधीपासून असेल आणि मुदत संपत आली असेल, तर जहाज परतण्याच्या दिवशीही तो चालू असला पाहिजे. क्रूझ कंपन्यांच्या माहितीत ‘जन्म दाखला आणि ओळखपत्र पुरेसं’ असं वाक्य सापडतं. ते अमेरिकी नागरिकांसाठी आहे, भारतीय पासपोर्टधारकांना लागू होत नाही.

किमान उत्पन्न किंवा बँकेत अमुक शिल्लक अशी अट कुठेही लिहिलेली नाही. अमेरिकेच्या कायद्याच्या २१४(ब) कलमानुसार प्रत्येक अर्जदार तिथे स्थायिक व्हायला निघाला आहे असं आधी गृहीत धरलं जातं. तसं नाही, हे अर्जदाराने पटवायचं असतं. त्यामुळे इथलं घर, शेती, नोकरी, दुकान, शाळेत जाणारी मुलं, म्हणजे तुम्हाला परत आणणाऱ्या गोष्टी, याच तुमची पात्रता.

अर्ज आणि फी

डीएस-१६० हा ऑनलाइन अर्ज प्रत्येकाचा वेगळा भरायचा, तान्ह्या बाळाचासुद्धा. सुरुवातीला मिळणारा अर्ज क्रमांक लगेच वहीत उतरवून घ्या, कारण काही मिनिटं हात थांबला तर पान बंद होतं. गेल्या पाच वर्षांत वापरलेल्या सोशल मीडिया खात्यांची नावं विचारतात, ती खरी द्या. अमेरिकेत नातेवाईक असतील तर तेही लिहा. मुलगा किंवा मुलगी तिथे आहे हे लपवल्याने फायदा होत नाही, आणि जाणूनबुजून दिलेल्या खोट्या माहितीमुळे कायमची अपात्रता येऊ शकते. ‘व्हिसाची हमी’ देणाऱ्या एजंटाने तुमच्या अर्जात काय लिहिलं, ते सही करण्याआधी स्वतः वाचा. इंग्रजी वाचता येत नसेल तर घरातल्या कॉलेजच्या मुलाला शेजारी बसवा. उत्तरं तुमच्या नावावर जातात, एजंटाच्या नाही.

राहण्याच्या पत्त्यात ऑर्लँडोचं हॉटेल किंवा नातेवाइकाचं घर लिहायचं. प्रवासाचा हेतू विचारला तर पार्क आणि क्रूझ दोन्ही सांगा. फोटो दोन इंच बाय दोन इंच, पांढरी पार्श्वभूमी, चष्म्याशिवाय.

बी१/बी२ ची अर्ज फी जून २०२३ पासून १८५ डॉलर आहे. मुलांनाही तेवढीच, आणि नकार आला तरी परत मिळत नाही. जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्यात याशिवाय २५० डॉलरच्या वेगळ्या शुल्काची तरतूद आहे. म्हणून पैसे भरताना अधिकृत संकेतस्थळावर दिसेल तीच रक्कम खरी माना. भरलेली फी वर्षभर ग्राह्य असते, त्या मुदतीत मुलाखतीची तारीख घेऊन ठेवायची.

मुंबईच्या दोन भेटी

आधी व्हिसा अर्ज केंद्रात बोटांचे ठसे आणि फोटो, मग वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वाणिज्य दूतावासात मुलाखत. दोन्हींच्या अपॉइंटमेंट वेगळ्या. लागोपाठच्या दिवशी मिळाल्या तर एकाच फेरीत काम होतं. महालक्ष्मी एक्सप्रेसने मिरज, सांगली, कराड, साताऱ्याहून रात्री निघून सकाळी मुंबईत पोचता येतं, पण मुलाखतीच्या आदल्या रात्री प्रवास टाळा. मुंबईत मुक्काम करा. दूतावासात मोबाइल, स्मार्टवॉच, मोठी बॅग नेता येत नाही आणि तिथे ठेवायची सोयही नसते. सामान मुक्कामावर ठेवूनच निघा. बोटाला ताजी जखम असेल तर ठसे नीट उमटत नाहीत. अशा वेळी तारीख पुढे घेतलेली बरी.

सप्टेंबर २०२५ पासून चौदा वर्षांखालची मुलं आणि ७९ वर्षांवरचे ज्येष्ठ यांनाही सर्वसाधारणपणे मुलाखतीला जावं लागतं. आधी त्यांना सूट मिळायची, त्यामुळे जुनी माहिती ऐकून आजोबांना घरी ठेवू नका. कुटुंबाने एकत्र अपॉइंटमेंट घ्यावी. अपॉइंटमेंटमधला डीएस-१६० चा क्रमांक आणि हातातल्या पावतीवरचा क्रमांक एकच असला पाहिजे.

मुलाखत दोन-तीन मिनिटांतही संपते. इंग्रजी जमत नसेल तर मुंबईत मराठीतून बोलण्याची विनंती करता येते. पाठ केलेली इंग्रजी वाक्यं म्हणण्यापेक्षा आपल्या भाषेतलं सरळ उत्तर कितीतरी चांगलं. कोण जातंय, किती दिवस, खर्च कोण करतंय, इथे काय करता, एवढंच नीट सांगा. २१४(ब) ची चिठ्ठी म्हणजे नकार. २२१(ग) म्हणजे आणखी कागद किंवा तपासणी बाकी आहे, त्यात हताश होण्यासारखं काही नाही.

शेतकरी आणि व्यापारी कुटुंबांची कागदपत्रं

आपल्या दोन जिल्ह्यांत सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. नोकरदाराकडे पगारपत्रक आणि फॉर्म १६ असतो. तासगावच्या द्राक्ष बागायतदाराचं उत्पन्न त्याच्या दुप्पट असलं तरी शेती उत्पन्न करमुक्त असल्यामुळे आयकर विवरणपत्रात आकडा लहान दिसतो. उपाय असा की विवरणपत्र भरताना करमुक्त शेती उत्पन्नही दाखवायचं आणि शक्य असेल तर तीन वर्षांची विवरणपत्रं जवळ ठेवायची. सोबत सातबारा आणि आठ-अ चे उतारे, साखर कारखान्याची ऊसबिलं, दूध संघाची बिलं, बेदाणा किंवा हळदीच्या विक्रीच्या पट्ट्या. ही बिलं जमा झालेलं बँक पासबुक सगळ्यात बोलकं. उतारे मराठीत असतात, म्हणून जमिनीचं गाव, क्षेत्र आणि पीक यांचा एक पानाचा इंग्रजी गोषवारा वर लावा.

मुलाखतीआधी महिनाभर खात्यात पाच-दहा लाख उसने आणून ठेवण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. अचानक आलेली रक्कम शंका वाढवते. अधिकारी बहुतेक वेळा फाइल उघडतही नाहीत, त्यांच्यासमोर तुमचा अर्ज आणि तुमची उत्तरं असतात. तरीही फाइल तयार ठेवा, कारण मागितली तर ती तिथेच द्यावी लागते.

जिल्हा परिषदेचे शिक्षक आणि इतर सरकारी कर्मचारी यांनी परदेश प्रवासाची विभागाची परवानगी आणि रजा मंजुरी लेखी घ्यावी. दुकानदारांनी जीएसटी नोंदणी आणि दुकानाचा परवाना. खर्च मुलगा करणार असेल तर त्याचं पत्र आणि पगाराचा पुरावा, पण त्याने तुमच्या स्वतःच्या इथल्या मुळांची जागा भरून निघत नाही.

जहाज थांबतं त्या देशांचे नियम

अमेरिकेचा व्हिसा मिळाला म्हणजे काम संपलं, असं नाही. जहाज ज्या बंदरांवर थांबतं त्या प्रत्येक देशाचा नियम वेगळा. मेक्सिकोच्या कोझुमेलला अमेरिकेचा वैध व्हिसा असलेल्या भारतीयांना वेगळा व्हिसा लागत नाही. पोर्तो रिको आणि सेंट थॉमस ही अमेरिकेचीच भूमी. बाकीच्या बेटांसाठी क्रूझ कंपनीला तुमच्या सफरीची बंदरं आणि ‘भारतीय पासपोर्ट, अमेरिकेचा बी१/बी२ व्हिसा’ एवढं लिहून ईमेल करा आणि उत्तर छापून ठेवा. आम्ही त्या बंदरावर उतरणारच नाही, हे कारण चालत नाही. एका थांब्याचा कागद कमी असला तरी जहाजावर चढूच देत नाहीत.

जहाजाच्या स्वतःच्या अटीही आहेत. बाळ सहसा किमान सहा महिन्यांचं हवं, लांब सागरी सफरींना एक वर्षाचं. प्रवासादरम्यान गरोदरपणाचा चोविसावा आठवडा लागणार असेल तर मोठ्या कंपन्या घेत नाहीत. अमेरिकेतून सुटणाऱ्या अनेक जहाजांवर प्रत्येक केबिनमध्ये किमान एक जण २१ वर्षांचा असावा लागतो. नातवंडं आई-वडिलांशिवाय आजी-आजोबांबरोबर निघाली असतील, तर दोन्ही पालकांचं नोटरी केलेलं इंग्रजी संमतिपत्र आणि नातं दाखवणारा जन्म दाखला न्या. प्रवास विमा घेताना त्यात क्रूझचा समावेश आहे का, हे विचारून घ्या, कारण जहाजावरच्या डॉक्टरचं बिल प्रवाशालाच भरावं लागतं. घरचं खाणं जहाजावर नेता येत नाही. सीलबंद पाकिटातला भडंग सहसा चालतो, डब्यातले कंदी पेढे चालत नाहीत.

पैसे कधी भरायचे

व्हिसा हातात येईपर्यंत परत न मिळणारं काहीही बुक करू नका. क्रूझची अनामत अनेकदा ठरावीक तारखेपर्यंत परत मिळते आणि पूर्ण रक्कम साधारण अडीच ते चार महिने आधी द्यायची असते. ही तारीख विमानाच्या तिकिटाआधी वहीत लिहा. भारतातल्या कंपनीकडून परदेशी सहलीचं पॅकेज घेतलं तर टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच घेतला जाणारा आगाऊ आयकर, कापला जातो. त्याचा दर अर्थसंकल्पात बदलत असतो. पॅन बरोबर दिला असेल तर ती रक्कम आयकर खात्याच्या २६एएस या तक्त्यात दिसते आणि विवरणपत्र भरताना करातून वळती होते किंवा परत मिळते. कर भरावा न लागणाऱ्या शेतकऱ्यांनीही यासाठी विवरणपत्र भरलंच पाहिजे.

पार्कांची तिकिटं तारखेनुसार असतात. डिस्नेत तीन वर्षांखालच्यांना तिकीट नाही आणि तीन ते नऊ वर्षांच्या मुलांना मुलांचा दर. आधी पार्क, मग जहाज, असाच क्रम ठेवा. मुंबईहून विमान उशिरा पोचलं तर पार्कचा एक दिवस जाईल, पण जहाज कोणासाठी थांबत नाही.

तयारी दहा-बारा महिने आधी सुरू करा, मुलाखतीच्या तारखाच कधी कधी काही महिन्यांनंतरच्या मिळतात. अटलांटिकमधला चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असतो, जोर ऑगस्ट ते ऑक्टोबर. वादळात जहाज मार्ग बदलतं, बंदरं वगळतं. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीपेक्षा एप्रिल-मेची सुट्टी या सहलीला बरी. दिवाळीतच जायचं असेल तर विम्यात वादळामुळे होणारी रद्दबातल सफर धरलेली आहे का, ते पॉलिसीत वाचूनच पैसे भरा.