विश्वचषक की जागतिक अजिंक्यपद? टेबल टेनिसचा निकाल वाचताना

२५ मे २०२५. त्याच दिवशी मोसमी पाऊस कोकणात उतरला, नेहमीपेक्षा बराच लवकर. आमच्या वाचनालयाच्या मागच्या हॉलमध्ये टेबलावर मोबाईल उभा करून आम्ही आठ-दहा जण दोह्याची, टेबल टेनिसच्या जागतिक अजिंक्यपदाची पुरुष एकेरीची फायनल बघत होतो. लाइट दोनदा गेली, पागोळ्यांच्या आवाजात समालोचन ऐकू येईना, पण चित्र अडकलं नाही. चीनचा वांग चुचिन आणि ब्राझीलचा ह्युगो काल्देरानो. तेवढ्यात सातवीतला एक मुलगा म्हणाला, "काका, ह्येणा तर गेल्या म्हयन्यात वर्ल्ड कप जिंकल्यान मां? मगे आज परत फायनल कसली?"

प्रश्न रास्त होता. काल्देरानोने एप्रिलमध्ये मकाऊला विश्वचषक खरोखरच जिंकला होता. उपांत्य फेरीत ह्याच वांगला हरवून आणि अंतिम फेरीत लिन शिडोंगवर ४-१ अशी मात करून. अमेरिका खंडांतला तो पहिलाच विजेता. आणि पाच आठवड्यांनी तोच खेळाडू दोह्यात वांगकडून १-४ हरला. त्या मुलाला वाटलं, दोन्हीतला एक निकाल चुकीचा छापलाय. दोन्ही बरोबर होते. स्पर्धा वेगळ्या होत्या.

हा घोळ आपल्याकडे जास्त होतो, आणि त्याचं कारण मला गावातच दिसतं. कोकणात पाऊस थांबला की मैदानोमैदानी क्रिकेट आणि कबड्डी सुरू होते, आणि प्रत्येक स्पर्धा हा कुणाचा तरी चषक असतो. सरपंच चषक, आमदार चषक, कुणा दिवंगत कार्यकर्त्याच्या स्मरणार्थ चषक. वाडीचा चषक लहान, तालुक्याचा मोठा, जिल्ह्याचा त्याहून मोठा. ह्याच चढणीने गेलं तर विश्वाचा चषक सगळ्यांत वरचा असणार असं कुणालाही वाटेल. क्रिकेटने ती समजूत आणखी घट्ट केली. टेबल टेनिसमध्ये मात्र विश्वचषक सर्वोच्च नाही. त्याच्या वर ऑलिंपिक आहे आणि जागतिक अजिंक्यपद आहे. क्रमवारीचे गुण बघा: जागतिक अजिंक्यपदाच्या एकेरी विजेत्याला २००० मिळतात, विश्वचषकाच्या विजेत्याला १५००.

अजिंक्यपद वयानेही थोरलं. १९२६ साली आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात लंडनला पहिली स्पर्धा झाली. विश्वचषक आला १९८० मध्ये, हाँगकाँगला. सुरुवातीला तो फक्त पुरुषांचा होता, पहिला विजेता चीनचा कुओ युएहुआ. महिलांचा विश्वचषक थेट १९९६ मध्ये सुरू झाला आणि तो देंग यापिंगने जिंकला. विश्वचषक म्हणजे निवडक लोकांची स्पर्धा: क्रमवारी आणि खंडांचं प्रतिनिधित्व बघून ठरवलेले मोजके खेळाडू. २०२५ ला पुरुषांत ४८ आणि महिलांत ४८, तिघांतिघांचे गट, मग बाद फेरी. दुहेरी नाहीच. अजिंक्यपदाचा पसारा मोठा असतो. २०२३ ला डर्बनमध्ये नुसत्या पुरुष एकेरीत १२८ जण होते, आणि एकेरीच्या जोडीला पुरुष दुहेरी, महिला दुहेरी, मिश्र दुहेरी.

आता खरी गंमत अशी की अजिंक्यपदाच्या पोटातच चषक आहेत. पुरुष संघाला मिळतो तो स्वेथलिंग चषक. महासंघाचे पहिले अध्यक्ष आयव्हर मॉंटेग्यू यांच्या आईने, लेडी स्वेथलिंग यांनी तो दिला. महिला संघाचा तो कोर्बियाँ चषक. आणि पुरुष एकेरीच्या विजेत्याच्या हातात चषक नसतोच, फुलदाणी असते, सेंट ब्राइड फुलदाणी. १९२९ ला इंग्लंडच्या फ्रेड पेरीने बुडापेस्टला विजेतेपद मिळवलं त्यानंतर ती दिली गेली. हाच पेरी पुढे विम्बल्डन गाजवणारा. म्हणजे ‘चषक जिंकला’ एवढ्या दोन शब्दांवरून स्पर्धा ओळखता येत नाही. बातमीत ‘चषक’ दिसला की मी आधी पुढचं-मागचं वाचतो, मग मुलांना सांगतो.

आपल्या भागाचा ह्या इतिहासाशी धागा आहे, म्हणून इथे जरा थांबतो. १९५२ च्या फेब्रुवारीत जागतिक अजिंक्यपद पहिल्यांदा आशियात आलं, ते मुंबईत, ब्रेबॉर्न स्टेडियमवर. त्या काळी अर्धं कोकण मुंबईला गिरण्यांत आणि गोदीत होतं. आमच्या वाडीतले एक आजोबा, आता ते नाहीत, तेव्हा लालबागला राहायचे. एका संध्याकाळी कुणाबरोबर तरी ते खेळ बघायला गेले. म्हातारपणीही त्यांना आठवायचा तो एक जपानी खेळाडू आणि त्याची मुकी बॅट. बाकी सगळ्यांच्या बॅटवर चेंडू टॉक टॉक वाजायचा, ह्याच्या बॅटवर चेंडू गेला की काहीच ऐकू यायचं नाही, असं ते तळहातावर बोट आपटून दाखवायचे. तो खेळाडू हिरोजी सातो. त्याच्या बॅटवर जाड फोम होता. समोरचा खेळाडू आवाजावरून फटक्याचा जोर ओळखतो. आवाजच गेला, तर चेंडू किती वेगाने येतोय आणि किती फिरतोय हे कळायला डोळे तेवढे उरतात. सातोने अंतिम फेरीत हंगेरीच्या योझेफ कोचियानला हरवलं, आणि टेबल टेनिस त्यानंतर पूर्वीसारखं राहिलं नाही.

महिला एकेरी रुमानियाच्या अँजेलिका रोझेआनूने जिंकली. पुरुषांचा स्वेथलिंग चषक हंगेरीने नेला, महिलांचा कोर्बियाँ चषक जपानने. आता विचारा, १९५२ चा जगज्जेता कोण? एकेरीत सातो, सांघिकमध्ये हंगेरी. दोन्ही उत्तरं खरी, कारण तेव्हा एकाच स्पर्धेत सात विजेतेपदं असायची, दोन सांघिक आणि पाच वैयक्तिक.

आता तसं नसतं, आणि दुसरा घोळ इथे सुरू होतो. १९९९ ची स्पर्धा बेलग्रेडला व्हायची होती. युगोस्लाव्हियात युद्ध पेटलं. वैयक्तिक सामने नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनला हलवले आणि सांघिक सामने पुढच्या वर्षी क्वालालंपूरला झाले. २००१ ला ओसाकात सगळं पुन्हा एकत्र आलं, पण २००३ पासून वाटा कायमच्या वेगळ्या झाल्या. विषम वर्षी वैयक्तिक, सम वर्षी सांघिक. म्हणून २०२३ डर्बन, २०२५ दोहा हे वैयक्तिक, आणि २०२२ चेंगदू, २०२४ बुसान हे सांघिक. नाव दोन्हीकडे ‘जागतिक’, पण खेळाचा हिशेब निराळा.

तो हिशेब समजला नाही तर आकडे फसवतात. दोह्यात पुरुष एकेरीत वांग ४-१ जिंकला, महिला एकेरीत सुन यिंगशाने वांग मान्यूला ४-३ हरवलं. हे आकडे गेमचे. एकेरी सातपैकी चार गेमची असते, प्रत्येक गेम ११ गुणांचा. आता बुसानचा आकडा घ्या: २०२४ ला महिलांत चीनने भारताला ३-२ हरवलं. इथले ३ आणि २ हे अख्खे सामने आहेत. सांघिक लढतीत तीन खेळाडूंचा संघ असतो, एकूण पाच एकेरी सामने, तीन आधी जिंकेल तो संघ पुढे. दोन खेळाडू दोन-दोनदा उतरतात, तिसरा एकदाच. त्यातला प्रत्येक सामना पाचपैकी तीन गेमचा. दुहेरी इथे नसते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकच्या सांघिकमध्ये सुरुवातच दुहेरीने व्हायची, हाही एक फरक, आणि तो बऱ्याच जाणत्यांच्याही लक्षात राहत नाही.

बुसानचा तो निकाल मी दहा वेळा तरी मुलांना समजावून सांगितला असेल. ‘भारत हरला’ एवढं वाचून पान उलटणं हा त्या मुलींवर अन्याय आहे. अयहिका मुखर्जीने सुन यिंगशाला हरवलं. सुन तेव्हा जगात पहिल्या क्रमांकावर होती. श्रीजा अकुलाने वांग यिदीला सरळ तीन गेममध्ये गुंडाळलं. पाचपैकी तीन सामने झाले होते आणि भारत २-१ ने पुढे होता, चीनच्या संघासमोर! उरलेले दोन सामने चीनने घेतले. पुढे चीनने जपानला ३-२ ने नमवून विजेतेपद मिळवलं. म्हणजे त्या स्पर्धेत चीनला पाचव्या सामन्यापर्यंत जपानने ओढलं आणि त्याआधी आपण ओढलं. हा आकडा वैयक्तिक स्पर्धेचा समजून वाचला, तर दिसते एका खेळाडूची थोडक्यात हुकलेली संधी. खरं तर एकाच दुपारी आपल्या दोन मुलींनी चीनच्या दोन अव्वल खेळाडूंना हरवलं होतं. त्याच स्पर्धेनंतर क्रमवारीच्या आधारे भारताचे पुरुष आणि महिला हे दोन्ही संघ पॅरिस ऑलिंपिकला पात्र ठरले, पहिल्यांदाच.

मिश्र सांघिक विश्वचषक नावाचीही एक स्पर्धा २०२३ पासून चेंगदूला होते. तिथे सामने मोजत नाहीत, सगळ्या सामन्यांतले गेम बेरजेत धरतात आणि आधी आठ गेम घेणारा संघ जिंकतो. २०२३ ची अंतिम लढत चीनने दक्षिण कोरियाविरुद्ध ८-१ जिंकली, तो हा हिशेब.

विश्वचषक आणि अजिंक्यपद वेगळे आहेत ह्याचा सगळ्यात बोलका दाखला माझ्या मते मा लिन. चीनच्या ह्या खेळाडूने विश्वचषक चार वेळा जिंकला आणि २००८ ला बीजिंगमध्ये ऑलिंपिक सुवर्णही घेतलं. जागतिक अजिंक्यपदाच्या एकेरीची अंतिम फेरी त्याने १९९९, २००५ आणि २००७ अशी तीनदा गाठली आणि तिन्ही वेळा तो हरला. फुलदाणी त्याच्या हाती आलीच नाही. ऑलिंपिक, अजिंक्यपद आणि विश्वचषक ही तिन्ही एकेरी विजेतेपदं मिळवली की टेबल टेनिसमध्ये त्याला ग्रँड स्लॅम म्हणतात. पुरुषांत ते पहिल्यांदा साधलं स्वीडनच्या यान-ओवे वाल्डनरने: १९८९ ला अजिंक्यपद, १९९० ला विश्वचषक, १९९२ ला बार्सिलोनाचं सुवर्ण.

आशियातही हीच जोडी आहे, आशियाई अजिंक्यपद आणि आशियाई चषक. मनिका बत्राने २०२२ ला बँकॉकमध्ये जिंकलेलं कांस्य आशियाई चषकाचं. त्यासाठी तिला तिसऱ्या क्रमांकाची लढत खेळावी लागली आणि तिने जपानच्या हिना हायाताला हरवलं. अजिंक्यपदात अशी लढत नसते, उपांत्य फेरीत हरणाऱ्या दोघांनाही कांस्य मिळतं.

त्या दिवशी काल्देरानो हरला तेव्हा बाहेर पावसाने चांगलाच जोर धरला होता. मुलांनी बॅटी सुक्या सुती कापडात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात ठेवल्या. आमच्याकडे जून ते सप्टेंबर रबर ओलसर राहतं, चेंडू पकडत नाही, सटकतो, म्हणून ही सवय. सातवीतल्या त्या मुलाने हॉलच्या फळ्यावर खडूने दोन ओळी लिहिल्या: ‘मकाऊ, विश्वचषक, एप्रिल: काल्देरानो’ आणि ‘दोहा, जागतिक वैयक्तिक, मे: वांग’. मग जरा थांबून खाली तिसरी ओळ घातली, ‘लंडन २०२६, सांघिक:’ आणि पुढची जागा मोकळी ठेवली.