इलेक्ट्रिक गिटार : लाकूड, बांधणी आणि नाद

इलेक्ट्रिक गिटारमध्ये तारेचे कंपन पोकळ पेटीतून हवेत जात नाही. ते चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेल्या तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे, म्हणजे पिकअप, यांमार्फत विद्युत संकेत होऊन ध्वनिवर्धकाकडे जाते. त्यामुळे तंबोऱ्याचा भोपळा किंवा साध्या गिटारची पेटी जे काम करते, ते या वाद्याच्या लाकडाला करावे लागत नाही. तरीही लाकडाची निवड, त्याचा काप, दांडीचा जोड आणि घोडीची बसवणूक यांचा नादावर परिणाम होतो. हा परिणाम नेमका कोठे आणि किती होतो, याविषयी वादक व कारागीर यांच्यात दीर्घकाळ मतभेद आहेत. प्रस्तुत नोंदीत त्याची कारणे दिली असून जळगाव, धुळे आणि नंदुरबार या खानदेशच्या जिल्ह्यांतील हवामान व लाकूड यांच्या संदर्भात त्यांचा विचार केला आहे.

नादाची यंत्रणा : पिकअपचे चुंबक पोलादी तारेला चुंबकत्व देते आणि अशी तार हलली की वेटोळ्यात विद्युत दाब निर्माण होतो. म्हणजे पिकअप लाकूड ‘ऐकत’ नाही, तो तारेची हालचाल टिपतो. तारेची दोन्ही टोके पूर्णपणे अचल असती, तर लाकडाला नादात काहीच वाटा उरला नसता. प्रत्यक्षात बॉडीवरची घोडी, दांडीच्या डोक्याजवळचा खाचांचा आधार म्हणजे नट, आणि बोटाखालचा फ्रेट, म्हणजे दांडीवर आडवी बसवलेली धातूची कड, हे तिन्ही आधार अतिशय सूक्ष्म प्रमाणात हलतात. ज्या कंपनसंख्येला लाकूड सहज हलते, त्या कंपनसंख्येची ऊर्जा तारेतून लाकडात झिरपते आणि तो स्वर लवकर विझतो. ढोबळमानाने सांगायचे तर लाकूड नादात भर घालत नाही. तारेच्या नादातून कोणता अंश किती वेगाने कमी व्हावा, हे ते ठरवते.

जर्मन ध्वनिशास्त्रज्ञ हेल्मुट फ्लायशर यांनी केलेल्या मोजमापांतून असे दिसले की, भरीव गिटारमध्ये घोडीकडचे टोक फारच कमी हलते, तर दांडीकडचे टोक त्या मानाने बरेच हलते. हा निष्कर्ष या विषयात कळीचा आहे, कारण बाजारातील चर्चा बहुधा बॉडीच्या लाकडाभोवती फिरते आणि बारीक, लांब, दोन्ही टोकांना जड वस्तू बसवलेली दांडी मागे राहते. दांडीच्या नैसर्गिक कंपनसंख्येशी एखाद्या फ्रेटवरचा स्वर जुळला, तर तेवढाच स्वर शेजारच्या स्वरांपेक्षा चटकन मावळतो. अशा जागेला डेड स्पॉट म्हणतात. बेस गिटारच्या ‘जी’ (G) स्वराच्या तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास तो वारंवार आढळतो. त्याची खात्री कोणत्याही वादकाला करता येते. मावळणारा स्वर शोधून दांडीच्या डोक्याला, कापडाचा तुकडा मध्ये ठेवून, सुताराचा एक छोटा लोखंडी क्लॅम्प आवळावा आणि तोच स्वर पुन्हा छेडावा. डोक्याचे वजन वाढल्याने दांडीची कंपनसंख्या उतरते आणि डेड स्पॉट दुसऱ्या फ्रेटवर सरकतो. लाकडाचा परिणाम खरा आहे आणि तो कोठून येतो, हे दोन्ही या एका प्रयोगातून कळते.

बांधणीचे प्रकार : १९३० च्या दशकाच्या आरंभी रिकनबॅकर कंपनीने आणलेली पहिली यशस्वी इलेक्ट्रिक गिटार ओतीव ॲल्युमिनियमची होती, तिच्यात लाकूड नव्हते. लेस पॉल या वादकाने १९४० च्या सुमारास पाइनच्या चौकोनी ओंडक्यावर तारा व पिकअप बसवून, रूप गिटारसारखे दिसावे म्हणून त्याला पोकळ गिटारचे दोन्ही पंख जोडले. पुढे १९५० पासून बाजारात आलेल्या फेंडरच्या टेलिकास्टर वर्गातील गिटारमध्ये ॲशची बॉडी आणि मेपलची दांडी चार स्क्रूंनी जोडलेली होती. १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये हीच पद्धत राहिली आणि काही वर्षांत बॉडीसाठी एल्डर रुळले. १९५२ च्या गिब्सन लेस पॉलमध्ये मात्र महोगनीच्या बॉडीवर मेपलचा थर असून दांडी सरसाने कायमची जोडलेली होती.

या दोन घराण्यांच्या नादातील फरक सहसा लाकडांच्या नावे जमा केला जातो, पण तो हिशेब अपुरा आहे. फेंडरमध्ये तारेची मोकळी लांबी ६४८ मिलिमीटर, तर गिब्सनमध्ये सुमारे ६२८ मिलिमीटर असते. तीच तार त्याच स्वराला लावली, तर फेंडरवर ताण सुमारे ६ टक्क्यांनी जास्त येतो. फेंडरचे पिकअप एकेरी वेटोळ्याचे, तर १९५७ पासून लेस पॉलवर आलेले सेथ लव्हर यांचे हमबकर दुहेरी वेटोळ्याचे आहेत. दुहेरी वेटोळे विजेची गुणगुण दाबते आणि त्याबरोबर वरच्या स्वरांशांची, म्हणजे मूळ स्वराबरोबर उमटणाऱ्या उंच स्वरांची, धारही थोडी बोथट करते. पिकअपची जागाही तितकीच महत्त्वाची असते. स्ट्रॅटोकास्टरचा दांडीकडचा पिकअप मोकळ्या तारेच्या जवळजवळ चतुर्थांशावर येतो. तेथे चौथा स्वरांश स्थिर असल्याने मोकळ्या तारेच्या संकेतात तो जवळपास उतरतच नाही. पिकअप तारेपासून किती खाली आहे, व्हॉल्यूमचे बटण २५० किलोओहमचे आहे की ५०० चे, केबल किती लांब आहे, या प्रत्येक गोष्टीने होणारा बदल कानाला सहज कळतो. हार्डबोर्डच्या डॅनइलेक्ट्रो आणि पारदर्शक ॲक्रिलिकच्या डॅन आर्मस्ट्राँग गिटारी नामवंत वादकांनी वाजवल्या आहेत. बॉडीच्या लाकडाची जात हा नादाचा मुख्य निर्णायक घटक मानणे त्यामुळे योग्य ठरत नाही. दांडीचा ताठपणा, जोडाचा घट्टपणा आणि लाकडाचा सुकेपणा यांना अग्रक्रम द्यायला हवा.

खानदेशचे हवामान : अखेरचा मुद्दा खानदेशात विशेष महत्त्वाचा ठरतो. तापीच्या खोऱ्यात मे महिन्यात तापमान ४५ अंशांच्या घरात जाते आणि दुपारी हवा अत्यंत कोरडी असते. जुलै-ऑगस्टमध्ये तीच हवा दमट होते. लाकूड हवेतील ओलाव्याशी सतत जुळवून घेते. सापेक्ष आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास असेल, तर त्याचा स्वतःचा ओलावा कालांतराने ४ ते ५ टक्क्यांवर येतो. ८० टक्क्यांना तो १५-१६ टक्क्यांकडे चढतो. वार्निशचा थर ही देवघेव मंदावतो, थांबवू शकत नाही. परिणामी उन्हाळ्यात दांडीवरची, फ्रेट बसवलेली पट्टी आकसून फ्रेटची टोके बोटांना टोचू लागतात आणि पावसाळ्यात दांडीचा बाक बदलून तारांची उंची बिघडते. तार फ्रेटवर घासू लागली की स्वराचा टिकाव जातो. वादकाला ‘नाद बसला’ असे वाटते, तेव्हा पुष्कळदा कारण हेच असते, आणि ते दांडीतील ट्रस रॉड, म्हणजे बाक कमी-जास्त करणारी धातूची सळई, अंशतः फिरवून दूर करता येते.

यावर खरा उपाय बांधणीच्या वेळीच करावा लागतो. लाकूड वलयांच्या दिशेने जेवढे आकसते, त्याच्या साधारण निम्मेच गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेने आकसते. म्हणून दांडीसाठी अशी फळी निवडावी की तिच्या टोकाकडून पाहिले असता वलयांच्या रेषा पट्टीच्या रुंदीला जवळजवळ काटकोनात उभ्या दिसतील. एका अखंड तुकड्याऐवजी तीन उभ्या पट्ट्या, मधलीचे रेषे उलट्या दिशेला ठेवून, सरसाने जोडल्यास दांडी पिळण्याची शक्यता आणखी घटते. खानदेशातील सुताराने अशी फळी किमान एक उन्हाळा आणि एक पावसाळा सावलीत, हवा खेळती ठेवून, थप्पीत राहू द्यावी आणि मगच अंतिम मापाला रंधावी.

स्थानिक लाकडे : सातपुड्यातील साग हे त्यांपैकी सर्वांत भरवशाचे. त्याचे आकसणे कमी असते, म्हणून दांडीसाठी ते उत्तम ठरते. त्याचे वजन घनमीटरला सुमारे ६५० किलो, एल्डरचे सुमारे ४५० किलो. तेव्हा त्याच आकाराची बॉडी सागवानात जवळजवळ दीडपट जड होते आणि आतून कप्पे कोरून वजन उतरवावे लागते. सागवानातील वालुकाकणांमुळे पटाशीची धार लवकर जाते. त्याच्या तेलकटपणामुळे सरस धरत नाही. जोडाचे पृष्ठ ताजे रंधून, थिनरने पुसून, लगेच चिकटवले तरच जोड पक्का बसतो. सैल जोड नादाला जेवढा मारक ठरतो, तेवढी लाकडाची कोणतीही जात ठरत नाही. शिवण हलके आणि स्थिर असल्याने बॉडीसाठी त्याचा विचार साग बाजूला ठेवूनही करावा.

पट्टीसाठी शिसव जगन्मान्य आहे. १९६० च्या दशकात ब्राझीलचे रोझवुड दुर्मिळ झाल्यावर मोठ्या कंपन्या भारतीय शिसवाकडे वळल्या. त्याचा संपूर्ण वनस्पतिवंश २०१७ मध्ये वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीच्या सायटीस कराराच्या नियंत्रणाखाली आला. तयार वाद्यांना २०१९ मध्ये सूट मिळाली. धुळे-जळगावच्या कोरड्या रानांतील अंजन हे भारतातील सर्वांत कठीण आणि जड लाकडांपैकी एक असून, आबनूसच्या जागी पट्टीसाठी ते वापरून पाहण्याजोगे आहे. ते कापायला फार अवघड जाते, पण पाच-सहा मिलिमीटर जाडीच्या पट्टीला लाकूड थोडेच लागते.

साग आणि अंजन ही दोन्ही झाडे वृक्षतोडीचे नियमन करणाऱ्या १९६४ च्या महाराष्ट्र अधिनियमाखाली येतात. खाजगी जमिनीवरील झाड तोडण्यासही परवानगी लागते. त्यामुळे खानदेशातील जुन्या धाब्याच्या घरांचे पाडकाम होताना निघणारे सागवानी खांब व तुळया हा कारागिरासाठी मोलाचा स्रोत ठरतो. या लाकडाने अनेक दशके ऊन-पावसाचे फेरे सोसलेले असतात, म्हणून ते नव्या लाकडापेक्षा कमी वळते. मात्र त्यात खिळे मोडून राहिलेले असतात आणि टोकांना, भिंतीच्या ओलीत राहिलेल्या भागात, वाळवीची पोखरण असू शकते. असा तुकडा दांडीला वर्ज्य समजावा. बॉडीला तो चालतो, फक्त घोडीचे आणि दांडीच्या जोडाचे स्क्रू शाबूत लाकडातच बसतील अशा बेताने आखणी करावी लागते.